सेवा लाभते ती कुणाला

उट्रेख्त, रविवार

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस सा. न. वि. वि.

दादा, परवा फोनवर तू दोन गोष्टी एका दमात विचारल्यास. उजव्या अंगाला लकवा मारून पडून असलेल्या आत्याच्या माकडहाडापाशी लाल झालंय, त्याला काय लावायचं? आणि थोरली काकू म्हणते की देव न मानणाऱ्याच्या हातची सेवा लाभत नाही, त्यात काही तथ्य आहे का? तू दुसरं हसण्यावारी नेलंस, पण ते तुला लागलंय हे मला कळलं. फोनवर धड बोलता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी लाल डाग. बोटाने दाबून सोड. दाबल्यावर फिका पडून परत लाल झाला, तर वेळ अजून गेलेली नाही. दाबूनही तसाच राहिला, तर ती बेडसोअरची पहिली पायरी, डॉक्टरांना दाखवा. आपल्या सावळ्या रंगावर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हाताची पालथी बाजू लावून बघायचं: तेवढाच भाग आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा जांभळट आहे का. तिथे काहीही चोळू नका, खोबरेल तेलसुद्धा. स्पिरिट आणि पावडर तर नकोच. स्पिरिटने कातडी कोरडी होऊन तडकते आणि पावडरचे घामात गोळे होतात. हवेची गोल रिंगही काढून टाका, तिच्या कडा उलट रक्त अडवतात.

लावण्यापेक्षा वळवणं महत्त्वाचं. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली की तिथे रक्त पोचत नाही, सगळं दुखणं तिथून सुरू होतं. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. पूर्ण कुशीवर नाही, तीस अंशांइतकी तिरकी, पाठीमागे उशी, गुडघ्यांच्या मध्ये दुसरी. पोटऱ्यांखाली तिसरी अशी की टाचा अधांतरी राहतील. एअर बेड आणलात हे चांगलं केलंत, पण त्यामुळे वळवणं सुटत नाही, आणि त्यावर गोधडी किंवा जाड प्लॅस्टिक घातलं तर त्याचा उपयोगच राहत नाही. वर सरकवताना ओढायचं नाही. खाली चादरीची दुहेरी घडी घाला आणि दोघांनी दोन बाजूंनी उचला. उजवा हात धरून तर कधीच ओढू नका, लकव्याच्या बाजूचा खांदा निखळायला वेळ लागत नाही. थंडी पडली की त्या बाजूला गरम पाण्याची पिशवीही नको, भाजलेलं तिला कळणार नाही.

आता काकूचं. सेवा लाभते म्हणजे कुणाला लाभते? करणाऱ्याच्या पुण्याच्या खात्याला की आत्याला? आत्याला म्हणत असेल तर उत्तर तिच्या पाठीवरच दिसतं. दोन तासांनी कूस बदलली की रक्त पोचतं. बदलणाऱ्याने आधी देवाला हात जोडले होते की नाही, हे त्या कातडीला कळत नाही.

प्रेमाने मात्र फरक पडतो, आणि तो अगदी डोळ्यांनी दिसतो. न सांगता झटक्यात वळवलं की लकवा मारलेले स्नायू ताठरतात, पाय आखडतो, मग जोर लावावा लागतो आणि कातडी घासते. तेच आधी समोर येऊन, डाव्या खांद्यावर हात ठेवून “आत्या, आता खिडकीकडे वळायचंय” म्हटलं, दोन क्षण थांबलं आणि सावकाश वळवलं की अंग सैल राहतं. दादा, हे तू करतोस. वहिनींनी पाठवलेल्या व्हिडिओत मी पाहिलं. एवढं असताना हा हात कमी प्रतीचा कसा ठरवायचा?

श्रद्धा असली की चांगुलपणा आपोआप येतो, असं पंचवटीत राहणाऱ्याने तरी म्हणू नये. २ मार्च १९३० ला काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब आंबेडकरांचं नेतृत्व, स्थानिक धुरा दादासाहेब गायकवाडांकडे, आणि पुढची काही वर्षं अस्पृश्य ठरवलेली माणसं दर्शनासाठी झगडत राहिली. दारं लावून घेणाऱ्यांकडे श्रद्धेची कमतरता नव्हती. कमी होतं ते दुसरंच. उलट आपल्याच गावात धर्मशाळा बांधणाऱ्या गाडगेबाबांनी आयुष्यभर हातात खराटा घेऊन भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र हेच सांगितलं. काकू त्यांना मानते ना? मग तिला हे परकं वाटायला नको.

पण दादा, तुझ्या बाजूनेही एक चूक होतेय. आत्याची घंटी आणि स्तोत्र तू बंद केलंस, “तिला आता काय कळतंय” म्हणून. तिला कळतं. उजवी बाजू गेली की पुष्कळदा बोलणंही जातं, कारण भाषेचं केंद्र बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतं. पण वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं, म्हणजे आकडे, गाणी, आरत्या, बऱ्याचदा शाबूत राहतं. सकाळी तिला उशांवर बसवलंस की तिच्या रोजच्या स्तोत्राची पहिली ओळ तू म्हण आणि थांब. मोजून दहा सेकंद थांब. ओठ हलतील, कदाचित शेवटचा शब्द येईल. नाही आला तर दुसरी ओळ म्हण. तुला त्यातलं काही मानायची गरज नाही. ते तिचं आहे, एवढं पुरे.

तीर्थाचंही तसंच. काकू रामकुंडाचं पाणी चमच्याने तोंडात घालते, ते थांबवायलाच हवं. गिळणं कमजोर झालेल्या माणसाला पातळ पाणी सगळ्यात धोक्याचं, ते श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. त्यात ते नदीचं पाणी. तुळशीचं पान आणि पेढाही तोंडात नको. पण नुसतं “नाही” म्हणू नकोस. उकळून गार केलेलं तीर्थ घ्या, त्यात स्वच्छ गॉज बुडवून घट्ट पिळा आणि काकूलाच आत्याच्या ओठांवरून फिरवू द्या. भरवताना ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा, गिळल्याचं गळ्यावर दिसल्याशिवाय पुढचा घास नाही. खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं किंवा आवाज घोगरा, ओला झाला की थांबायचं. शेवटी उजव्या गालात घास अडकलाय का ते बघायचं आणि अर्धा तास बसतंच ठेवायचं.

इथे नेदरलँड्समध्ये निम्म्याहून जास्त लोक कुठल्याच धर्माचे नाहीत. पण माणूस खचला की पाद्र्यासारखंच कुणीतरी जवळ बसायला लागतं, हे या लोकांनी ओळखलं. १९४६ मध्ये धर्म न मानणाऱ्यांनी आपला संघ काढला आणि इस्पितळांत, तुरुंगांत, सैन्यात आपले समुपदेशक नेमून घेतले. इथल्या मानवतावादी विद्यापीठात ते शिक्षण मिळतं. मला यातलं मोलाचं वाटतं ते हे की देवळाने माणसाला दिलेली सोबत आणि ठरलेली वेळ या गोष्टी खऱ्या आहेत. देव मानत नसशील तर त्या तुला स्वतः जमवाव्या लागतील. रात्रीच्या सगळ्या पाळ्या एकट्याने करू नकोस. आठवडाभरात चिडचिड सुरू होईल आणि ती आत्यावर निघेल.

म्हणून वहिनी, एक कराल? काकूला पहाटे सहाची पाळी द्या. ती तशीही काकड आरतीला उठते. आधी दोन दिवस दादाबरोबर चादर धरू दे, मग जमेल. दहाची आणि बाराची तुम्ही, दोन आणि चारची दादाने, आणि आठवड्यातून तीन रात्री मावशींना बोलवा, पैसे मी पाठवते. पलंगाशी वही टांगा: वेळ, कूस, डाग. दर वेळी माकडहाड, दोन्ही टाचा आणि घोटे बघून लिहायचं. बुधवारी मला त्या पानाचा फोटो पाठवा.

आत्याला माझा नमस्कार सांगा. डाव्या कानाशी, सावकाश.

तुमची,
ताई