शुक्रवारच्या खल्ल्याआधी वाच

प्रिय सोनू,
अनेक आशीर्वाद.

येत्या शुक्रवारी तू टोरँटोच्या घरी स्वतःच्या हातानं खल्ला, म्हणजे शब्बाथचा वेणीचा पाव, भाजणार हे कळलं आणि मला फार आनंद झाला. पण फोनवर जाता जाता तू म्हणालीस, "हे आपलं थोडंच आहे आई, ते युरोपातल्या ज्यूंचं." ते माझ्या मनातून जात नाही. कृती सांगतेच, पण आधी याचं उत्तर.

वेणीचा गोड पाव आपल्या कोकणातला नाही, हे खरं. पंधराव्या शतकाच्या सुमारास जर्मनी-ऑस्ट्रियाकडचे ज्यू शब्बाथसाठी, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या कामं बंद ठेवायच्या दिवसासाठी, असा पाव करू लागले. तिथून तो पूर्वेला पोलंडकडे गेला, अंडी आणि साखर घालून भाजला जाऊ लागला. आपले पूर्वज, कोकणातले बेने इस्रायल ज्यू, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. त्यांच्या घरात भट्टी नव्हती, चूल होती. तुझी आजी शुक्रवारी संध्याकाळी दोन अखंड चपात्या स्वच्छ रुमालाखाली झाकून ठेवायची, आणि बाजूला काळ्या मनुका भिजवून, कुस्करून गाळलेलं सरबत किद्दुशसाठी, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या शब्बाथच्या प्रार्थनेसाठी. दोन चपात्या कशासाठी? इजिप्तमधून निघालेल्या आपल्या लोकांसाठी रानात मन्ना, म्हणजे आकाशातून आलेलं अन्न, पडायचा तेव्हा शुक्रवारी दुप्पट मिळायचा, धर्मग्रंथातल्या निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आहे ते. पोलंडच्या घरांत टेबलावर दोन खल्ले ठेवायचे तेही त्याचसाठी, आणि वर तीळ किंवा खसखस भुरभुरायची तीही मन्नाची आठवण म्हणून. तेव्हा वेणी तिकडून आली असली, तरी त्या दोन भाकरींवर तुझा हक्क कुणापेक्षा तसूभरही कमी नाही. शेजारणीनं विचारलं तर हे सांग.

आता पीठ. दोन मध्यम खल्ल्यांना मैदा 500 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 7 ग्रॅम, साखर 70 ग्रॅम, मीठ 9 ग्रॅम, दोन अंडी आणि एक जादा बलक, तेल 60 मिली, कोमट पाणी 170 मिली. कॅनडाचा मैदा ठाण्यातल्या मैद्यापेक्षा कसदार असतो, पाणी जास्त पितो. घट्ट वाटलं तर एकेक चमचा वाढव, एकदम ओतू नकोस. प्रत्येक अंडं आधी वेगळ्या काचेच्या पेल्यात फोडून बघ, रक्ताचा ठिपका असेल तर ते टाकून दे.

लोणी आणि दूध मुद्दाम नाही. शब्बाथच्या जेवणात मटण किंवा कोंबडी असते, त्याच्याबरोबर दुधाचं काही चालत नाही. आपण नव्याच्या सणाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, गव्हाच्या चिकाचा हलवा नारळाच्या दुधात आटवतो, म्हणून तोही मटणाच्या जेवणानंतर खाता येतो. तिकडच्या बायकांनी तेल वापरलं, आपल्याकडच्यांनी नारळ.

दहा मिनिटं तरी मळ. सुरुवातीला हाताला चिकटेल, तेव्हा मैदा भुरभुरायचा मोह होईल. तो आवर, तळव्याला तेल लाव. शेवटी पीठ पुरणपोळीच्या कणकेइतकं सैल नको, पण बोट दाबलं की हळूहळू वर यायला हवं. साखर आणि अंड्यांमुळे हे पीठ साध्या पावाच्या पिठापेक्षा सावकाश फुगतं. ठाण्याच्या उकाड्यात तासाभरात दुप्पट होतं, तुझ्याकडे थंडीत दोन तास लागतील. घड्याळ बघू नकोस, पीठ बघ.

वेणी घालताना लोक घाईनं बिघडवतात. सहा गोळे वजन करून सारखे कर, तीन-तीनच्या दोन वेण्या. प्रत्येक गोळ्याची वळी मध्ये जाड आणि टोकांना निमुळती. ती लाटताना परत आकसत असेल तर ओढाताण करू नकोस, दहा मिनिटं झाकून ठेव, मग आपोआप ऐकते. ओट्यावर पीठ टाकू नकोस, कोरड्या वळ्या नुसत्या घसरतात. वेणी मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे गेलीस तर दोन्ही बाजू सारख्या दिसतात. आवळून घालू नकोस, नाहीतर भट्टीत फुगताना चिरते. हात बसला की सहा पदरांची कर: उजवीकडची शेवटची वळी दोघींवरून, एकीखालून, दोघींवरून, आणि पुन्हा उजवीकडून तेच.

वेण्या पाऊण तास फुगू दे. अंड्याचा हात दोनदा लाव, एकदा लगेच आणि एकदा भट्टीत घालायच्या आधी, म्हणजे चकाकी येते. मग तीळ. 180 अंशांवर 25 ते 30 मिनिटं. वरून लवकर लाल होईल, साखरेचा तो गुण आहे. तेवढ्यानं बाहेर काढू नकोस. खालून टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला पाहिजे.

वेळेचं मात्र नीट बघ. मुंबईत सूर्य सहाच्या फार आधी कधीच मावळत नाही, म्हणून आपल्याला शुक्रवारी दुपार मिळते. टोरँटोत डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारासच मावळतो, आणि शब्बाथचे दिवे त्याच्याही अठरा मिनिटं आधी लावायचे असतात. ऑफिसातून येऊन पीठ मळायला घेतलंस तर व्हायचं नाही. गुरुवारी रात्री मळ, झाकून फ्रिजमध्ये ठेव. रात्रभर ते सावकाश फुगतं आणि चवही चांगली येते. शुक्रवारी घरून काम असेल तर सकाळी वेणी घाल.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहितेय ते. पिठाचा पहिला वाटा बाजूला काढण्याची आज्ञा धर्मग्रंथातल्या गणना या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात आहे. दिवे लावणं आणि हा वाटा काढणं, घरातल्या बाईकडे आलेली ही कामं आहेत. अर्धा किलो मैद्याला ते लागत नाही. साधारण 1.2 किलोपासून वाटा काढायचा, आणि 1.66 किलो किंवा जास्त मैदा असेल तर काढताना आशीर्वादाचे शब्दही म्हणायचे. ऑलिव्हएवढा तुकडा, फॉइलमध्ये गुंडाळून भट्टीत पूर्ण जाळायचा, खायचा नाही. काही रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, आशीर्वादासाठी याहून जास्त मैदा सांगतात, तिथल्या सिनेगॉगमध्ये विचारून घे.

म्हणून मला वाटतं, कधीतरी चार मैत्रिणींना बोलाव आणि दोन किलोचं पीठ मळ. एकटीनं दर शुक्रवारी अर्धा किलो करत राहिलीस तर वाटा काढण्याची वेळच येणार नाही. तुझ्या आजीनं चपात्यांच्या पिठातूनही हे केलं, पाहुणे असले आणि परात मोठी असली की. ती हिब्रू शब्द चुकतमाकत म्हणायची, पण तुकडा काढताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते तुला मिळावं अशी माझी फार इच्छा आहे.

नव्याच्या सणाला हाच खल्ला गोल वळून कर, पिठात मूठभर मनुका घाल, आणि मिठाऐवजी मधात बुडवून खा. चिकाच्या हलव्याची कृती मी तेव्हा पाठवीन.

शुक्रवारी काही अडलं तर फोन कर. तुझी सकाळ ती माझी संध्याकाळ, त्यामुळे इथे दिवे लागायच्या आत कर, नंतर मी उचलणार नाही. आणि खल्ला उरला तर रविवारी जाड काप करून अंड्यात भिजव आणि तव्यावर परतून घे. मग दूध-लोणी काहीही चालेल, फक्त त्या जेवणात मटण नको.

तुझी,
आई