फौजदार काका, बारक्याची ऑर्डर आली! तुमचे जाहीर आभार

फौजदार काका, नमस्कार.

गुरुवारी दुपारी पोस्टमन आला आणि बारक्याची नेमणुकीची ऑर्डर हातात पडली. आईने ती आधी देवापुढे ठेवली, मग तुम्हाला फोन लावायला सांगितला. फोनवर मी काही बोलायच्या आत तुम्ही "बरं झालं, आता फाईल जपून ठेव" म्हणून फोन ठेवलात, म्हणून हे सगळं लिहून काढतेय, आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितेय कारण आपल्या भागात अशी कितीतरी घरं आहेत जिथे पोराच्या नावावर कधीतरी एक केस झालेली असते, पुढे तिचं काय झालं ते कुणालाच नीट माहीत नसतं, आणि नोकरीचा फॉर्म आला की घरात सुतक पडल्यासारखं होतं.

आमच्याकडे तसंच झालं होतं. २०१३ साली चुलत्यांच्या आणि आमच्या बांधावरून भांडण झालं, काठ्या निघाल्या, दोघांची डोकी फुटली आणि फिर्यादीत आमच्या घरातल्या सहा जणांची नावं गेली. बारक्या तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, भांडण सोडवायला गेला होता, पण नाव लागलं ते लागलंच. मग काही वर्षं तारखा झाल्या, पुढे दोन्ही घरं एक झाली, साक्षीदारांनी कोर्टात काही सांगितलं नाही आणि २०१७ ला सगळे सुटले. सुटले एवढंच आम्हाला माहीत! कागद म्हणाल तर एक नाही. वकीलसाहेब वारले, त्यांचं ऑफिस बंद झालं, केस नंबर कुणाच्या ध्यानात नाही, आबा होते ते बघायचे सगळं, तेही गेले.

आणि बारा वर्षांनी निवड यादीत नाव लागल्यावर साक्षांकन नमुना, म्हणजे पोलीस पडताळणीसाठी स्वतःची माहिती भरून द्यायचा फॉर्म, हातात आला. त्यात सरळ प्रश्न की तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झालाय का, अटक झालीय का, खटला चाललाय का, शिक्षा झालीय का, आणि वर लिहिलेलं की खोटी माहिती दिली तर निवड रद्द. बारक्या दोन दिवस जेवला नाही. जो तो वेगळं सांगत होता. एक म्हणाला निर्दोष सुटलाय म्हणजे 'नाही'च लिहायचं. दुसऱ्याने एक एजंट आणला, तो म्हणे पंधरा हजार द्या, रेकॉर्ड क्लिअर करून देतो. आई पाटल्या मोडायला निघाली होती काका, हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं.

तुम्ही आलात, चहा घेतला, फॉर्म दोनदा वाचला आणि म्हणालात, "रेकॉर्ड कुणी क्लिअर करत नसतं पोरी. आपलंच रेकॉर्ड हाय, आपुन जाऊन मागायचं, वाचायचं, आन् हाय तसं लिहायचं." तेव्हा मला खरं सांगायचं तर राग आला होता. हातची नोकरी घालवायला निघालेत असं वाटलं. नंतर माझ्या वकील मैत्रिणीला विचारलं तर तिने सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा निकाल सांगितला, त्यात हेच आहे की नोकरीसाठी दिलेली माहिती खरी पाहिजे, काही लपवायचं नाही, आणि खरं सांगितल्यावरही खातं सगळा विचार करून ठरवू शकतं, नोकरी द्यायलाच पाहिजे असं बंधन नाही. म्हणजे खरं लिहूनही धोका होताच. पण लपवलेलं सापडलं असतं तर आपली बाजू मांडायलाही तोंड राहिलं नसतं, हे तुम्ही निकाल न वाचता सांगितलं होतं.

मी आधी मोबाईलवर शोधून दमले होते. पोलिसांच्या साईटवर एफआयआर बघायला मिळतात म्हणून तासन् तास बसले, तिथे काहीच नाही. तुम्ही सांगितलंत की एफआयआर २४ तासांत साईटवर टाकायचा आदेशच सुप्रीम कोर्टाने २०१६ साली दिला, २०१३ चा गुन्हा तिथे शोधून काय सापडणार? आणि नव्यातलेही सगळे नसतात, बायकांवरच्या अत्याचाराचे, लहान मुलांचे असे नाजूक गुन्हे टाकत नाहीत. मग ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टातल्या केसेस बघायच्या सरकारी साईटवर, बारक्याचं नाव टाकलं तर तिथेही शून्य. तुम्ही चष्मा लावून माझ्या मोबाईलमध्ये बघितलंत आणि विचारलंत, हे 'पेंडिंग' का निवडलंय, केस संपलीय ना? मी चार दिवस चालू केसेसमध्येच शोधत होते! 'डिस्पोज्ड', म्हणजे निकाल लागलेल्या, केलं तरी नावाने काही येईना, कारण इंग्रजीत आमच्या आडनावाचं स्पेलिंग कोर्टात कसं टाकलंय ते कुणाला माहीत. तुम्ही म्हणालात नावाच्या मागं लागू नको, नंबर शोध, नंबर चुकत नाही.

आणि नंबर शोधायला तुम्ही काय विचारलं तर आईला, "भांडण कधी झालं, सण-वार काय होता?" आई पटकन म्हणाली, बेंदराच्या दुसऱ्या दिवशी, बैलांच्या शिंगांचा रंगसुद्धा गेला नव्हता. झालं. बेंदूर म्हणजे आषाढ. तेवढ्यावर आपण पोलीस ठाण्यात गेलो.

तो दिवस मी विसरणार नाही. अर्जात तुम्ही चारच ओळी लिहायला लावल्या, मी अमुक, माझ्याविरुद्ध साधारण जुलै २०१३ मध्ये दाखल गुन्ह्याचा नंबर, कलमं आणि कोर्टातला केस नंबर नोकरीच्या पडताळणीसाठी मिळावा, खाली बारक्याची सही, सोबत आधारची झेरॉक्स. ठाणे अंमलदारांनी आतून २०१३ चं रजिस्टर मागवलं, बाइंडिंग सुटलेलं, पाठीला कापडाची पट्टी चिकटवलेली. त्यांचं बोट ओळीवरून सरकत होतं आणि बारक्या माझा हात धरून उभा होता, एकतीस वर्षांचा बाप्या. सापडलं! गु.र.नं. म्हणजे ठाण्यातला गुन्हा रजिस्टर नंबर, तारीख, फिर्यादी, आरोपी, भा.दं.वि. कलम ३२४, ३२३, ५०४, ५०६, ३४, तपासी अंमलदार, दोषारोपपत्र कधी पाठवलं ते, आणि बाजूला लाल शाईत आर.सी.सी. नंबर, म्हणजे कोर्टातला केस नंबर. पण शेवटचा रकाना, निकालाचा, तो कोरा होता.

तुम्ही हळूच माझ्याकडे बघितलंत. बाहेर आल्यावर सांगितलंत की कोर्टाने सोडलंय पण ठाण्याच्या कागदावर केस अजून उभीच आहे, उद्या पडताळणी इथूनच होणार आणि रिपोर्ट जाणार 'न्यायप्रविष्ट', म्हणजे केस अजून कोर्टात चालू, म्हणून. कोर्टाचं रेकॉर्ड वेगळं आणि पोलिसांचं वेगळं, एकातलं दुसऱ्यात आपोआप जातंच असं नाही, हे आम्हाला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. किती पोरांच्या नोकऱ्या अशा एका कोऱ्या रकान्यापायी अडकल्या असतील, मला त्या रात्री झोप लागली नाही.

मग कोर्ट. तुम्ही तिथे बरीच वर्षं कोर्ट पैरवीला, म्हणजे पोलिसांतर्फे कोर्टातल्या केसेस बघायला, होतात ते शिपायापासून सगळे तुम्हाला नमस्कार करत होते त्यावरूनच कळलं, पण तुम्ही ओळखीचा एकही शब्द वापरला नाही, बारक्यालाच लाईनीत उभं केलंत. केस नंबर मिळाल्यावर ई-कोर्ट्सवर एका मिनिटात सगळं आलं, सोळा आकडी-अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक केसला असतो तो वेगळा ओळख नंबर), निकालाची तारीख, कोणतं कोर्ट. मी म्हटलं आता प्रिंट काढून जोडू. तुम्ही म्हणालात मोबाईलवरची प्रिंट माहितीला ठीक, पुराव्याला सही-शिक्क्याची नक्कल लागते. नक्कल विभागात अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प, केस नंबर, निकालाची तारीख, आरोपी क्रमांक ४ स्वतः मागतोय असा उल्लेख. फाईल रेकॉर्ड रूमला गेलेली होती म्हणून जास्त दिवस लागले, तीन हेलपाटे झाले आणि तिन्ही वेळा तुम्ही सोबत आलात, गुडघा दुखत असताना.

नक्कल हातात आली तेव्हा शेवटच्या पानावर अर्जाची तारीख, तयार झाल्याची तारीख, दिल्याची तारीख आणि जांभळा गोल शिक्का. तुम्ही मला मोठ्याने वाचायला सांगितलं. 'आरोपी क्र. १ ते ६ यांची फौजदारी प्रक्रिया संहिता कलम २४८(१) अन्वये निर्दोष मुक्तता करण्यात येते.' आई कोर्टाच्या पायरीवर बसून रडली. आठ वर्षं ते वाक्य तिथे लिहून पडलं होतं आणि आमच्या घरात कुणी वाचलं नव्हतं.

त्याची साक्षांकित प्रत जोडून ठाण्यात दुसरा अर्ज दिला, की रेकॉर्डला निकालाची नोंद घ्यावी. पोच घेतल्याशिवाय तुम्ही हलू दिलं नाही, आपल्या झेरॉक्सवर आवक नंबर, तारीख, शिक्का. नोंद झाली तेव्हा कुठे तुम्ही फॉर्म भरायला बसलात. 'होय' लिहिलं, खाली गु.र.नं., केस नंबर, कलमं, निकालाची तारीख, नक्कल जोडली आहे. मी नवीन कायद्याची कलमं शोधत होते तर तुम्ही थांबवलंत, नवीन कायदे १ जुलै २०२४ पासूनचे, गुन्हा २०१३ चा, तेव्हाची कलमं तशीच लिहायची.

जे वाचतायत त्यांच्यासाठी काकांच्याच दोन गोष्टी लिहिते. खाजगी कंपनीत वगैरे लागतं ते चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र पोलिसांच्या साईटवर ऑनलाईन अर्ज करून मिळतं, आणि परदेशात जायचं असेल तर जे पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, मागतात त्याचा अर्ज पासपोर्ट सेवावरून होतो, या दोन्हीची गल्लत करू नका, आमच्या शेजारच्या पोराचे त्यात पैसे आणि महिना दोन्ही गेले. आणि ठाण्यात मागायचं ते स्वतःचं. सोयरीक ठरवताना समोरच्या पोराचं रेकॉर्ड काढून द्या म्हणून माहिती अधिकार टाकला तर कुणाची वैयक्तिक माहिती अशी सहज देत नाहीत. कोर्टातला निकाल मात्र उघड असतो, नंबर माहीत असेल तर तो ई-कोर्ट्सवर बघता येतो.

काका, मागच्या आठवड्यात वरच्या आळीतली वहिनी आली होती, तिच्या नवऱ्याचं २००९ चं असंच काहीतरी आहे. मी तिला पहिला प्रश्न विचारला, भांडण कोणत्या सणाला झालं होतं? पोळ्याला, म्हणाली. सोमवारी तिला घेऊन ठाण्यात जातेय.

आणि स्टॅम्पचे, नकलेचे, तिन्ही वेळच्या रिक्षाचे पैसे तुम्ही दिलेत, विचारलं की विषय बदलता. आईने सगळा हिशोब लिहून ठेवलाय. रविवारी काकूंना घेऊन जेवायला या, तिने पुरणाचा घाट घातलाय, आणि त्या दिवशी तुम्हाला ते पैसे घ्यावेच लागतील.

तुमची,
बारक्याची ताई