क्विझबोलच्या दादाला, एका काकूकडून जाहीर थँक यू

दादा,

हो, दादाच म्हणणार. वयानं तू माझ्या निम्मा असशील पण लेकीनं पहिल्यापासून दादा म्हटलं आणि मग घरात तेच नाव पडलं, आमचे हे सुद्धा "दादाचा मेसेज आला का गं" असंच विचारतात. तुला व्हॉट्सऍपवर लिहिलं असतं तर तू "अहो काकू काय एवढं" म्हणून एक हात जोडलेला इमोजी टाकून विषय संपवला असतास, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. आता पळून दाखव.

बाकीच्यांसाठी आधी थोडं सांगते, नाहीतर कोणाला काही कळायचं नाही. हा दादा माझ्या लेकीच्या हायस्कूलच्या क्विझबोल टीमला शिकवतो. क्विझ म्हटलं की माझ्या पिढीला बोर्नव्हिटा क्विझ आठवतं, डेरेक ओब्रायन, दिव्यांचा झगमगाट, टाय लावून बसलेली हुशार मुलं. अमेरिकेतल्या हायस्कूलांचं क्विझबोल म्हणजे यातलं काहीच नाही. शनिवारी सकाळी कुठल्यातरी शाळेच्या रिकाम्या वर्गात चार विरुद्ध चार पोरं, मध्ये वायरींचं जंजाळ असलेला बझर, एक जण स्कोअर लिहायला आणि एक जण प्रश्न वाचायला, बस्स, प्रेक्षक म्हणजे डोनट खाणारे दोन बाप. प्रश्नही एका ओळीचा नसतो, अख्खा परिच्छेद असतो, सुरुवातीला फक्त खरंच वाचलेल्यालाच कळेल असा क्लू, मग हळूहळू सोपं होत होत शेवटी "फॉर टेन पॉइंट्स" म्हटलं की कोणालाही यावं असं. आणि प्रश्न संपायची वाट बघायची नाही, कळलं की त्या शब्दावर बझर. एनएक्यूटी (क्विझबोलचे प्रश्न लिहिणारी आणि स्पर्धा भरवणारी इथली संस्था) हिच्या नियमात लवकर दाबून बरोबर आलं तर 15 (याला पॉवर म्हणतात), नंतर 10, आणि मध्येच तोडून चुकलं तर वजा पाच, म्हणजे नेग. टॉसअप, म्हणजे हा बझरचा प्रश्न, ज्यानं दाबला त्यानं एकट्यानं द्यायचा, तो बरोबर आला की टीमला तीन भागांचा बोनस, प्रत्येकी 10, तिथे आपसात कुजबुजायला परवानगी.

उदाहरण द्यायचं तर, हा मी घरी बनवलेला आहे, टुर्नामेंटसाठी लिहिलेल्या कुठल्या सेटमधला नाही, उगाच प्रश्न फुटले म्हणून सिक्युरिटीवाले मागे लागायचे. समजा प्रश्न सुरू झाला की या राजानं 1665 च्या तहात जयसिंगाला तेवीस किल्ले दिले, मग 1664 मध्ये यानं सुरत लुटली, मग 1663 मध्ये पुण्यात रात्री शिरून शाइस्तेखानाची बोटं छाटली, मग प्रतापगडाखाली अफझलखान, आणि शेवटी "1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेक झालेला मराठी राज्याचा संस्थापक कोण". आपल्यातला कोणीही तेवीस किल्ल्यांवरच बझर फोडेल आणि पंधरा घेईल, पण ओहायोतल्या पोराला तो रायगडापर्यंत थांबूनच मिळेल. त्याच वेळी मिसिसिपीच्या उपनद्यांवर उलटं होईल. कोणाला किती खोल माहितीय हे त्या एका परिच्छेदात मोजलं जातं, कोणाचा हात किती पटकन पडतो एवढंच नाही. हे तूच मला समजावलं होतंस, मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये, तुझ्या हातात माझ्याच डब्यातली साबुदाण्याची खिचडी होती.

आता मुद्द्यावर येते. लेकीला तू काय काय शिकवलंस त्याचे आभार ती मानेल, तिची ती बघून घेईल. मंगळवारी रात्री डिस्कॉर्डवर प्रॅक्टिस, क्यूबी रीडर या सरावाच्या वेबसाइटवर रोजचे प्रश्न, चुकलेला प्रत्येक क्लू वहीत लिहायचा आणि नुसतं नाव पाठ न करता त्या पुस्तकाची निदान दहा पानं वाचायची, हे सगळं मी दाराआडून ऐकलंय. टीममध्ये ती एकटी मुलगी होती, बाकी तिघं तिचं बोलणं तोडून स्वतःचंच बोलायचे, तर तू त्यांना भाषण न देता सरळ तिला कॅप्टन केलंस, कारण बोनसचं फायनल उत्तर कॅप्टनच देतो, मग ऐकावंच लागतं. मला हे फार आवडलं होतं.

पण माझे आभार वेगळे आहेत. माझे आभार यासाठी की तू माझ्या हातात पॅकेट दिलंस, म्हणजे एका मॅचमध्ये वाचायच्या प्रश्नांचा गठ्ठा.

झालं असं की टुर्नामेंटला जायचं तर टीमनं फी भरायची, आणि सोबत चालणारा बझर आणला तर फी कमी, वाचणारं माणूस आणलं तर आणखी कमी. आमच्या टीमकडे धड बझर नाही, कोच म्हणजे शाळेतले एक भले सर ज्यांनी वर्गाची किल्ली दिली आणि बाकी सगळं तुझ्यावर सोडलं. तू मला म्हणालास काकू तुम्ही वाचा. मला आधी हसू आलं मग घाम फुटला. इतकी वर्षं इथे नोकरी केली तरी मीटिंगमध्ये माझं वाक्य संपायच्या आत कोणीतरी "सॉरी?" म्हणतंच, आणि इथे घड्याळ लावून, आठ पोरांसमोर, फ्रेंच चित्रकार आणि जर्मन तत्त्वज्ञ आणि सेंद्रिय रसायनं धडाधड वाचायची. मी म्हटलं मी स्कोअर लिहीन, तेवढं पुरे. तू हो म्हणालास आणि त्या दिवशी मला स्कोअरला बसवलंस ते मुद्दाम तुझ्याच खोलीत. पूर्ण दिवस मी तुला वाचताना बघितलं. आता कळतं, ते माझं ट्रेनिंग होतं लबाडा.

मग फोनवर प्रॅक्टिस. मी स्वयंपाक करता करता स्पीकरवर जुने सेट वाचायचे आणि तू मध्येच तोंडानं "बझ्झ" करायचास. तेव्हा तू सांगितलेल्या गोष्टी मी फ्रिजवर लिहून लावल्या होत्या. बझर वाजला की अर्धा शब्दसुद्धा पुढे जायचं नाही, तिथेच थांबायचं आणि बोट त्या शब्दावर ठेवायचं, कारण उत्तर चुकलं तर दुसऱ्या टीमसाठी तिथूनच पुढे वाचायचं असतं. उत्तर ऐकताना चेहरा दगडासारखा, भुवई पण हलवायची नाही, पोरं मॉडरेटरच्या, म्हणजे वाचणाऱ्याच्या, भुवया वाचतात. अर्धवट उत्तर आलं की "प्रॉम्प्ट" (म्हणजे अजून नीट सांग), एवढंच, जास्तीचं काही नाही. उत्तराच्या ओळीत ऍक्सेप्ट काय, प्रॉम्प्ट कशावर, काय अजिबात घ्यायचं नाही ते प्रश्न सुरू करायच्या आधी डोळ्याखालून घालायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अवघड नावापाशी आवाज बारीक करायचा नाही. तू म्हणालास, "काकू, पॅकेटमध्ये उच्चार कंसात लिहून दिलेला असतो तो अमेरिकन लोकांसाठीच असतो, त्यांनाही येत नाही म्हणून. तुम्ही ठणकावून वाचा."

हे वाक्य माझ्यासाठी काय होतं ते तुला माहीत नाही. तू ते सहज बोलून गेलास आणि बहुतेक पिझ्झा खायला गेलास.

आणि खरंच निघालं तसंच! ज्या मुलांना मी घाबरत होते त्यांना माझ्या ऍक्सेंटशी काही घेणंदेणंच नव्हतं, त्यांना फक्त स्पष्ट आणि एकसारखा वेग हवा असतो, दोन प्रश्नांत त्यांचे कान बसतात. उलट विजयनगर आणि तुघलक आणि कृष्णदेवराय आले की मी अशी काही वाचायचे की एका पोरानं मॅचनंतर येऊन विचारलं, मॅम तुम्ही हिस्ट्री शिकवता का. मी म्हटलं नाही रे बाबा, मी पेरोल करते.

एक प्रसंग मात्र सांगणारच, तुला आवडलं नाही तरी. एका टुर्नामेंटला एका टीमचे कोच टुर्नामेंट डिरेक्टरकडे गेले आणि म्हणाले आम्हाला पुढच्या राउंडला "जरा क्लिअर बोलणारा" रीडर द्या. मी दारातच उभी होते, मला ऐकू आलं. माझी बॅग उचलून घरी जावं असं वाटलं. तू तेव्हा कंट्रोल रूममध्ये स्टॅट्स टाकत होतास. तू भांडला नाहीस, माझी बाजू घेऊन लेक्चर दिलं नाहीस, मला "मनावर घेऊ नका" असंही म्हणाला नाहीस, बरं केलंस. तू नुसतं सकाळपासूनच्या स्कोअरशीट्स काढल्यास आणि प्रत्येक खोलीत घड्याळ संपेपर्यंत किती टॉसअप वाचून झाले तो आकडा त्यांच्यासमोर ठेवलास. पॅकेटात चोवीस असतात. माझ्या खोलीतल्या आकड्याकडे बोट दाखवून तू म्हणालास की दिवसभरात या खोलीपेक्षा जास्त प्रश्न फक्त एकाच खोलीत झालेत, तुमच्या मुलांना जास्त प्रश्न मिळतायत, खोली बदलायची का? ते काही बोलले नाहीत. आणि मग पुढच्या राउंडला तू स्वतः माझ्या शेजारी स्कोअर लिहायला येऊन बसलास, पेन घेऊन, जणू काही तुला दुसरं कामच नव्हतं. मी तो राउंड आयुष्यात वाचला नसेल असा वाचला. एकदाही अडखळले नाही. त्या कोचनी जाताना थँक यू म्हटलं, मीही यू आर वेलकम म्हटलं, विषय संपला.

त्यानंतर मी वाचतच राहिले. आपल्याच मुलीची मॅच वाचायची नाही हा तुझा नियम, तो मी पाळला, त्यामुळे गंमत अशी की लेक दुसऱ्या मजल्यावर जिंकतेय का हरतेय हे मला जेवणाच्या सुट्टीपर्यंत कळायचं नाही, आणि घरी जाताना गाडीत प्रश्नांवर बोलायचं पण नाही कारण तोच सेट दुसऱ्या राज्यात अजून खेळायचा असतो. एवढी शिस्त आमच्या घरात दुसऱ्या कशाला नाही.

तू कधीतरी सांगितलेलं आठवतं, की 1953 मध्ये इथे रेडिओवर कॉलेज बोल सुरू झालं तिथून हे सगळं आलं, आणि वॉशिंग्टनकडे 1961 पासून हायस्कूलच्या मुलांचा एक टीव्ही शो चालत आलाय, इट्स ऍकॅडेमिक. मी तेव्हा विचारलं होतं की मग आत्ताचं हे सगळं चालवतं कोण, तर तू म्हणालास, "जे आधी खेळले तेच." मला वाटलं होतं मोठी कंपनी असेल, स्पॉन्सर असतील. एनएक्यूटी 1996 मध्ये सुरू झाली तीही जुन्या खेळाडूंनीच. शनिवारची टुर्नामेंट म्हणजे कॉलेजची दहा-वीस पोरं पहाटे उठून येतात, पिझ्झाच्या दोन स्लाइसवर संध्याकाळपर्यंत घसा फोडतात आणि परत जाऊन स्वतःचा होमवर्क करतात. मला नेहमी वाटतं की आपण पालक मुलांच्या ट्रॉफीचे फोटो टाकतो पण त्या फोटोत वाचणारा कधीच नसतो.

नॅशनल्सला, म्हणजे देशभरातल्या टीम्सच्या स्पर्धेला, मी नुसती आई म्हणून आले होते. अटलांटाचं ते मॅरियट, वर बघितलं की मान दुखावी असं उंच, मेमोरियल डेचा वीकेंड, तीनशेच्या घरात टीम्स आणि लिफ्टपाशी हीऽऽ गर्दी. सामने हॉटेलच्या खोल्यांमध्ये, प्रत्येक टीमच्या हातात नंबरचं कार्ड, जिंकलं की छोटा नंबर आपल्याकडे, हरलं की मोठा, आणि त्या नंबरवरून पुढची खोली ठरते, म्हणजे जिंकत गेलात की तुमच्यासारखेच जिंकणारे समोर येतात. दहा मॅचेस, सहा जिंकल्या तर प्लेऑफ. आमच्यांची गाडी पाचावर अडली. शेवटच्या मॅचला मी कोपऱ्यात तोंड मिटून बसले होते आणि गंमत म्हणजे अर्धा वेळ मी लेकीकडे नाही, वाचणाऱ्या बाईंकडे बघत होते. काय वाचत होत्या! श्वास कुठे घेतात तेच कळत नव्हतं, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. आमच्यांनी शेवटच्या मिनिटाला नेग खाल्ली तेव्हाही नाही. लेक बाहेर येऊन रडली, मग टीमबरोबर बर्गर खायला गेली, मी तुला शोधत होते तर तू सतराव्या की अठराव्या मजल्यावर दुसऱ्या कोणाचीतरी मॅच वाचत होतास. रात्री फक्त मेसेज आला, "पाच चांगले आहेत काकू, पहिल्या वर्षी आम्ही तीन जिंकलो होतो."

आता ती कॉलेजला जाईल. मला दोन-तीन आयांनी विचारलं की मग तुझं शनिवारचं संपलं ना, सुटलीस. मी म्हटलं सुटले कशाला. घरात खेळणारं कोणी नसलं म्हणून काय झालं, घसा तर माझाच आहे. आणि आमच्या मराठी शाळेतल्या आणखी दोघींना मी स्कोअरला बसवणार आहे, माझ्याच खोलीत, तू केलंस तसंच, काही न सांगता. त्यातली एक इतकं भरभर बोलते की घड्याळाला घाम फुटेल.

तर दादा, मनापासून थँक यू. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग आणि सांग की पोराला नीट जेवायला घाल, टुर्नामेंटच्या दिवशी तू दिवसभर कॉफीवर असतोस हे मी बघितलंय. ऑक्टोबरच्या टुर्नामेंटला माझं नाव स्टाफच्या लिस्टमध्ये टाक, खोली कुठलीही चालेल, फक्त गेल्या वेळेसारखी बँड रूमच्या शेजारची नको, त्या ट्रॉम्बोनवर ओरडून ओरडून मला सोमवारी पेरोल करता येत नव्हतं. बझर मी आणतेय. आमच्या ह्यांनी नवीन घेतलाय, वायरलेस आहे, आणि फीमध्ये सूट मिळते का असं तेच पहिल्यांदा विचारत होते.

तुझी,
काकू

ता. क. चिवडा डब्यात वेगळा देईन, स्टाफ रूममध्ये ठेवू नकोस, मागच्या वेळी तुला मिळाला नव्हता.