'निरंक' अहवाल आणि केबिनमधले माफीनामे

संपादक महोदय,

कॅलेंडर वर्ष संपले की महाविद्यालयांतून जिल्हा अधिकाऱ्यांच्या नावे एक छोटे पत्र निघते. लैंगिक छळाच्या प्राप्त तक्रारी : निरंक. निकाली काढलेल्या : निरंक. ९० दिवसांहून अधिक काळ प्रलंबित : निरंक. दोन-तीन हजार मुलेमुली असलेल्या संस्थेतून वर्षानुवर्षे असे पत्र येत राहिले, तरी वरून कोणी काही विचारत नाही. उलट, शिस्त चांगली आहे असेच धरले जाते.

तक्रारी होतात, पण अंतर्गत समितीपर्यंत, म्हणजे अशा तक्रारींच्या चौकशीसाठी संस्थेत असलेल्या समितीपर्यंत, पोहोचत नाहीत. मुलगी ओळखीच्या शिक्षिकेला तोंडी सांगते, शिक्षिका प्राचार्यांच्या कानावर घालते, मुलाला केबिनमध्ये बोलावून माफीनामा लिहून घेतला जातो आणि दोन्हीकडच्या पालकांना फोन जातात. फार तर शिस्तपालन समितीच्या रजिस्टरमध्ये 'गैरवर्तन' एवढा शब्द पडतो. पुढच्या सत्रात मुलगा दाखला काढून दुसरीकडे प्रवेश घेतो. दाखल्यावर वर्तणूक 'चांगली'. मुलीचे नाव बाहेर फुटू नये म्हणून असे केले, हे यावरचे ठरलेले उत्तर. पण मधल्या मध्ये मुलीचे लेखी म्हणणेच कुठे राहत नाही, आणि त्याच मुलाची दुसरी तक्रार आली तर तीही 'पहिलीच' ठरते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमावलीप्रमाणे अशी तक्रार अंतर्गत समितीनेच चौकशीला घ्यायची असते. त्याआधी एक प्रश्न मात्र सर्वांत आधी विचारायला हवा, आणि तोच विसरला जातो : मुलीचे वय काय? आपल्याकडे अकरावी-बारावीचे वर्ग पदवीच्याच इमारतीत भरतात. कनिष्ठ महाविद्यालयातली विद्यार्थिनी बहुधा सोळा-सतरा वर्षांची असते. तिच्या बाबतीत 'पोलिसांत जायचे की नाही' हा निर्णय ना प्राचार्यांचा, ना पालकांचा. पोक्सो कायद्याच्या (अठरा वर्षांखालच्या मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणे ज्याला गुन्ह्याची माहिती आहे त्याने ती पोलिसांना दिलीच पाहिजे. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. 'आधी आपली समिती बघेल' ही पळवाट इथे नाही. अत्याचार झालेला अठरा वर्षांखालचा मुलगा असला तरी नियम हाच.

मुलगी सज्ञान असेल तर पोलिसांत जायचे की नाही हे तिने ठरवायचे. तिला हवी असल्यास तक्रार नोंदवायला मदत करणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. नको असल्यास तिच्यावर दबाव आणू नये. घटना कोणत्याही हद्दीतली असली तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो आणि बलात्कारासारख्या गुन्ह्यात तिचे म्हणणे महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायचे असते, एवढे तरी समितीच्या प्रत्येक सदस्याला पाठ असावे. बलात्काराच्या प्रकरणात वेळ फार महत्त्वाचा. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंतच उपयोगी पडतात. वैद्यकीय तपासणी होईपर्यंत शक्य असल्यास आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत, ते प्लास्टिकच्या पिशवीत न कोंबता कागदात गुंडाळून ठेवावेत, कारण प्लास्टिकमध्ये दमट राहून पुरावा कुजतो. रुग्णालयाला, खासगी असले तरी, मोफत उपचार नाकारता येत नाहीत. मात्र ते पोलिसांना कळवते, हे तिला आधीच सांगावे. गुन्हा दाखल झाला म्हणून अंतर्गत समितीने हात आखडते घ्यायचे नसतात. खटला आणि चौकशी ही दोन वेगळी कामे आहेत, ती एकाच वेळी चालतात.

आता मुदतीचे. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार यावी लागते. घटना वारंवार घडल्या असतील तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने मोजायचे. समिती कारणे लिहून आणखी तीन महिने वाढवू शकते, त्यापुढे नाही. तोंडी सांगणे, समजूत काढणे, 'परीक्षा होऊ दे मग बघू' यात हेच दिवस सरतात. कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील एका अध्यापिकेने कुलगुरूंविरुद्ध एप्रिल २०२३ मधल्या शेवटच्या प्रसंगाची तक्रार डिसेंबरअखेरीस केली. नंतर तिच्यावर झालेली प्रशासकीय कारवाई हा त्याच छळाचा पुढचा भाग, असा तिचा युक्तिवाद होता. तो टिकला नाही आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तक्रार मुदतबाह्यच ठरवली. (हा निकाल कुलगुरूंच्या कार्यपरिचयात नोंदवावा, असेही न्यायालयाने सांगितले, पण चौकशी झाली नाही ती नाहीच.) म्हणून ज्या शिक्षिकेच्या कानावर गोष्ट पडते तिने त्याच दिवशी मुलीला लेखी तक्रारीचा मार्ग सांगावा. मुलीला लिहिता येत नसेल किंवा धीर होत नसेल तर लिहून द्यायला मदत करणे हे समितीचेच काम आहे.

तक्रार आल्यावर सात दिवसांत तिची प्रत समोरच्याला द्यायची, त्याने दहा दिवसांत साक्षीदारांच्या यादीसह उत्तर द्यायचे, ९० दिवसांत चौकशी संपवायची, पुढच्या दहा दिवसांत अहवाल, आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांत संस्थेने कारवाई करायची किंवा का करत नाही ते लेखी कळवायचे. वेळापत्रक सोपे आहे. घोळ होतो तो समितीच्या रचनेत. अध्यक्ष ज्येष्ठ महिला अध्यापक हवी, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा लागतो आणि कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा अधिकारपदावरच्या व्यक्ती समितीत बसूच शकत नाहीत. तरीही फलकावरच्या नावांत विभागप्रमुख दिसतात, कारण यादी करताना कार्यालय 'मोठी' माणसे शोधते. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधी लागतात. राज्यात महाविद्यालयांतल्या खुल्या विद्यार्थी निवडणुका १९९४ पासून बंद. त्यामुळे प्राचार्य मर्जीतली नावे भरतात किंवा जागा रिकाम्या ठेवतात. यातली एक त्रुटीही समोरच्याच्या वकिलाला पुरते.

घाईनेही तितकेच बिघडते. गोवा विद्यापीठातील विद्यार्थिनींनी २००९ मध्ये एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने सुनावण्या भराभर उरकल्या, मुदतीच्या विनंत्या फेटाळून एकतर्फी अहवाल दिला आणि बडतर्फी झाली. मुंबई उच्च न्यायालयात ती टिकली, पण १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक न्यायाचा भंग झाला, म्हणजे बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून ती रद्द करून चौकशी पुन्हा समितीकडे पाठवली. तक्रारदार मुलींची चौदा वर्षे त्यात गेली. उत्तराला दिलेले दहा दिवस, साक्षीदारांना लेखी प्रश्न विचारण्याची संधी, प्रत्येक सुनावणीचे सह्यांसह इतिवृत्त, या गोष्टी आरोपीवरची मेहेरबानी वाटतात. प्रत्यक्षात त्या मुलीच्या बाजूने लागलेला निकाल टिकवतात.

चौकशी चालू असताना दोघे एकाच प्रयोगशाळेत, एकाच बसमध्ये, हे मात्र टाळता येते. तुकडी बदलणे, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देणे, आरोपी शिक्षक असेल तर तिची उत्तरपत्रिका व प्रात्यक्षिक त्याच्याकडे न देणे, हे सारे समितीच्या शिफारशीने लगेच होऊ शकते. ते सहसा सुचवलेच जात नाही. बदली करायची तर कोणाची, यात संस्थेचा कल नेहमी तक्रारदारालाच हलवण्याकडे असतो, हे वेगळे सांगायला नको. जुलै २०२५ मध्ये ओडिशातील बालासोर येथे विभागप्रमुखाविरुद्धच्या तक्रारीवर कारवाई होत नाही म्हणून एका विद्यार्थिनीने आयुष्य संपवले. त्यानंतर प्राचार्यांनाही अटक झाली.

शिक्षेबद्दल थोडेच. दोषी विद्यार्थ्यासाठी नियमावलीत ग्रंथालय, वसतिगृह, शिष्यवृत्ती अशा सवलती काढून घेणे, ठरावीक काळ प्रवेशबंदी, नाव कमी करणे, सक्तीचे समुपदेशन किंवा समाजसेवा असे पर्याय आहेत. माफीनामा त्या यादीत नाही. समेट करायचा तर तिने स्वतः मागितला पाहिजे आणि पैशांच्या देवघेवीवर तो करता येत नाही.

आमची मागणी अहवालाच्या नमुन्यापुरती आहे. विद्यापीठांनी त्यात दोन रकाने वाढवावेत : प्राचार्य, वसतिगृह अधीक्षक व शिस्तपालन समितीकडे अशा स्वरूपाच्या किती तक्रारी आल्या, आणि त्यांतल्या किती अंतर्गत समितीकडे वर्ग केल्या. सलग तीन वर्षे निरंक देणाऱ्या महाविद्यालयाला भेट देऊन समितीचे इतिवृत्त आणि शिस्तपालनाचे रजिस्टर शेजारी ठेवून तपासावे. आकडे जाहीर करताना मात्र ते जिल्हावार द्यावेत. लहान महाविद्यालयात 'तक्रारी : १' असे छापले की कॅम्पसवर ती मुलगी कोण हे सगळ्यांना कळते.

वृत्तपत्रांकडूनही हीच काळजी हवी. नाव न छापता महाविद्यालय, शाखा, वर्ष आणि गाव छापले तर ओळख पटतेच, आणि बलात्कारासारख्या गुन्ह्यात ओळख उघड करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपल्या वार्ताहरांनी त्याऐवजी समिती केव्हा स्थापन झाली, तक्रारीची प्रत किती दिवसांत दिली आणि अहवाल आल्यावर संस्थेने ३० दिवसांत काय केले, हे विचारून छापावे.

आपल्या,
महाविद्यालयांच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरच्या सदस्य म्हणून काम करणाऱ्या काही जणी, पुणे