होकार मिळेल का ते नव्हे, कितीला मिळेल ते फाशाला विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळांची ओळख करून देणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत आला, त्याबद्दल आधी आभार. या खेळांत प्रत्येक खेळाडू एकेका पात्राच्या भूमिकेत शिरतो, बाकीची माणसं आणि जग संचालक चालवतो, आणि जिथे खात्री नाही तिथे फासा ठरवतो. लढाईचे नियम त्यात नेमके सांगितले आहेत. मन वळवणं, बोलणी, घासाघीस यांची बोळवण मात्र एका वाक्यात केली आहे: इथे फाशांचं काम नाही, खेळाडूने अभिनयाने जिंकावं. नवी मंडळी हे शब्दशः धरून चालली, तर चार-पाच बैठकींत खेळ फक्त बोलक्या माणसांचा होऊन बसतो. म्हणून हे पत्र.

मुळात बोलण्यात फासे मागाहून घुसलेले नाहीत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' 1974 साली आला, त्यातच समोरच्याचा पवित्रा ठरवायला सहा बाजूंचे दोन फासे होते. 2 पडले तर हल्ला, 12 पडले तर मनापासून साथ, 6 ते 8 पडले तर अनिश्चित. दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी 16, म्हणजे सुमारे 44 टक्के, या मधल्या पट्ट्यात येतात. अशा वेळी फासा 'बोला, बघू' एवढंच म्हणायचा आणि पुढचं खेळाडूंवर सोडायचा. ही वाटणी शहाणपणाची होती.

घोळ झाला तो 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत. वीस बाजूंच्या फाशावरच्या दानात पात्राचं कौशल्य मिळवायचं, आणि शत्रुत्वाने वागणाऱ्याला तटस्थ करायला 25, मित्र करायला 35, असे आकडेच छापले गेले. काय मागताय, याचा त्या आकड्यांशी संबंध नव्हता. एखाद्याने सगळी ताकद मुत्सद्देगिरीत ओतली की राजाही त्याचा मित्र आणि राक्षसही. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत संचालकासाठीच्या पुस्तकाने हे बरंच सावरलं. तटस्थ माणूस 10 ला धोका नसलेलं काम करतो, 20 ला थोडी झळ सोसतो. वैर धरलेला माणूस मात्र 20 पडले तरी स्वतःला तोशीस लागणार नाही एवढंच करतो. दान कितीही चांगलं पडो, त्याच्या पलीकडे जाता येत नाही.

हाच धागा धरून चालावं. होकार मिळेल का हे फाशावर टाकू नये, तो कितीला पडेल हे टाकावं. त्यासाठी संचालकाने बोलणी सुरू होण्याआधी तीन ओळी लिहून ठेवायच्या: समोरच्याला काय हवंय, त्याला कशाची धास्ती आहे, आणि काय झालं तरी तो काय सोडणार नाही.

समजा, वेढा पडलेल्या गावातल्या कोठाराची किल्ली एका कारभारणीकडे आहे आणि खेळाडूंना 20 पोती धान्य हवंय. तिला हवाय मोजणीच्या वेळी दाखवता येईल असा कागद. धास्ती ही की वेढा उठल्यावर तूट तिच्या माथी मारतील. आणि पेरणीचं बियाणं ती कोणालाही देणार नाही. सगळ्यांना दिसतील अशा सोंगट्या टेबलावर मांडा: तीन तिच्या धीराच्या, दोन तिच्या तयारीच्या. पहिला खेळाडू दुप्पट पैसे देऊ करतो. फासा न टाकता धीराची एक सोंगटी उचला आणि तिच्या तोंडून कारण ऐकवा: "पैसे मोजायला कोणी येणार नाही, पोती मोजायला येतील." तिची धास्ती इथे उघडी पडली, आणि ती पडायलाच हवी, संचालकाच्या वहीत झाकून राहिलेली धास्ती खेळाच्या काही कामाची नाही. दुसरी खेळाडू हे अचूक पकडते आणि सरदाराच्या शिक्क्याची पावती आणून देण्याचं कबूल करते. कारभारणीने यावर भरवसा ठेवावा का, ही खरी शंका आहे, म्हणून इथे फासा. जमलं तर तयारीची एक सोंगटी वाढते. नाही जमलं तर धीराची एक जाते. समजा जमलं. तेवढ्यात तिसऱ्याचा हात तलवारीच्या मुठीवर जातो. फाशाची गरज नाही, धीराची एक सोंगटी गेली. आता एकच उरली आणि सगळ्यांना ती दिसतेय, म्हणजे सौदा आत्ताच मागायला हवा. तयारी 4 झाली असती तर पुरी 20 पोती मिळाली असती. 3 वर 12 आत्ता, उरलेली 8 पावती हातात आल्यावर. 2 वरच अडली असती तर 5 पोती, आणि तीही एकाने कोठाराच्या पहाऱ्यावर राहायचं या अटीवर. बियाणं मागितलं तर नाही म्हणजे नाही, आणि हे फासा टाकू देण्याआधी सांगायचं.

सर्वांत जास्त खेळ बिघडतो तो पुन्हा पुन्हा फासा टाकू दिल्याने. यशाची शक्यता 30 टक्के असेल, तर तीन प्रयत्नांत ती सुमारे 66 टक्के होते. चौघांनी एकेकदा टाकला तर 76. संचालकाने अवघड म्हणून ठरवलेलं काम असं नकळत सोपं होऊन जातं. म्हणून एका मुद्द्याला एकच फासा. नवा मुद्दा किंवा नवी देवघेव आणल्याशिवाय दुसरा नाही.

क्रमही चुकतो. खेळाडू पाच मिनिटं सुरेख बोलतो, मग फाशावर 2 पडतात आणि सगळं भाषण पाण्यात जातं. आधी काय मागतोय आणि समोरच्याने का द्यावं, एवढं दोन वाक्यांत सांगून घ्या, मग फासा टाका, आणि पडलेल्या दानाप्रमाणे पुढचा संवाद रंगवा. वाईट दान पडलं तर बोलताना जीभ कशी घसरली, हे खेळाडूलाच ठरवू द्या. त्यात तो रमतो.

लाजऱ्या खेळाडूंबद्दल कळकळीने सांगायचंय. बलदंड योद्धा खेळणाऱ्याला आपण खरोखरचा धोंडा उचलायला लावत नाही. मग मुत्सद्दी पात्र खेळणाऱ्याकडून भाषणाची सक्ती का? 'मी तिला पटवते की तूट तिच्या नावावर पडणार नाही' हे वाक्य पूर्ण आहे. मुद्दा धास्तीला भिडला का, एवढंच बघायचं. तो गोड आवाजात आला की अडखळत, याला गुण नाहीत.

खेळाडूच खेळाडूचं मन वळवू पाहतो, तिथे फाशाने दुसऱ्याचं पात्र ताब्यात घेऊ देऊ नये. 2010 च्या 'अपॉकलिप्स वर्ल्ड' या खेळात यावर चांगली तोड आहे: ऐकलं तर अनुभवाची खूण (पात्राच्या प्रगतीला उपयोगी), नाही ऐकलं तर अडचण, पण निवड ज्याचं पात्र त्याचीच. 'बर्निंग व्हील' या दुसऱ्या खेळात वादाचं द्वंद्व आहे. तिथे पणाला काय लागलंय ते आधी ठरतं आणि वाद जिंकताना आपला मुद्दा जेवढा झिजला, तेवढी तडजोड जिंकणाऱ्यालाही करावी लागते.

पुरवणीत लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचं म्हटलं आहे. त्यात नवशिक्यांसाठी नियमांची चौकट छापाल, तेव्हा वर सांगितलेल्या तीन ओळी आणि 'एका मुद्द्याला एकच फासा' एवढं तरी घ्यावं, ही विनंती.

कळावे,
एक खेळसंचालक वाचक