साहेबाचे ओटे

भांडुप, रविवार दुपार

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू हसत हसत सांगितलंस, पण मला ते लागलं. मेसमध्ये तू ऐटीत म्हणालीस की हेलियमचा शोध आमच्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, आणि समोरच्या पोराने मोबाइल काढून ‘गुंटूर’ असं वाचून दाखवलं. वर म्हणे, तुमच्या कोकणात आंब्याशिवाय आणखी काय काय लागतं? तू मला एवढंच म्हणालीस, “बाबा, तूच तर सांगितलं होतंस.”

मीच सांगितलं होतं. पाचव्या वाढदिवसाचा निळा फुगा आठवतोय? रात्री पंख्याच्या दांडीला अडकला होता, सकाळी मोरीच्या कट्ट्याखाली सुरकुतून पडलेला. तू भोकाड पसरलंस. तुला गप्प करायला मी सांगितलं, आतला वायू रबरातून हळूहळू निसटला, तो आधी सूर्यावर सापडला आणि आपल्या गावच्या किल्ल्यावर बसून एका साहेबाने शोधला. फुग्याचं खरं होतं. साहेबाचं अर्धंच.

मला हे माझ्या आजोबांकडून मिळालेलं. किल्ल्यात ते ओटे आहेत ना, साहेबाचे ओटे, त्यातल्या एकावर टेकून आजोबा बिडी शिलगवायचे आणि म्हणायचे, “सायबान हयसर बसान सूर्य बघल्यान.” पुढे किल्ल्यावर १८ ऑगस्टला हेलियमचा दिवस साजरा व्हायला लागला, भाषणं व्हायला लागली, तशी माझी खात्रीच पटली. गावाचा मान असला की माणूस फार चौकशी करत नाही. पण तुझा फोन झाल्यावर मी दोन रविवार खर्ची घातले. आई म्हणाली, पंखे पुसायचे राहिलेत, हेलियम कुठे पळून जात नाही. तिला कोण सांगणार, तेवढंच तर ते करतं.

आधी माझ्या अकलेची गोष्ट. तारीख होती १८ ऑगस्ट १८६८. सूर्यग्रहण म्हणजे अमावास्या, आणि ही श्रावणातली, म्हणजे गणपती चार दिवसांवर. त्या दिवसांत आपल्या वाडीत काय परिस्थिती असते तू पाहिलं आहेस. माटवीला बांधायचं सामान आणायला निघावं तर छत्री उलटी होते, सड्यावर पाच पावलांपलीकडचं दिसत नाही. अशा वेळी विलायतेहून दुर्बिणी आणून कोण शहाणा सूर्य बघायला विजयदुर्गाला बसेल? चाळीस वर्षं ही तारीख मी तोंडाने म्हणत आलो आणि पाऊस एकदाही आठवला नाही!

ग्रहणाची सावली आपल्या किनाऱ्यावरून गेली हे खरं. पण बघणारे पुढे, घाटापलीकडे जाऊन बसले. जॉन हर्शेल नावाचा एक लेफ्टनंट पटवर्धनांच्या जमखंडीला होता. मद्रासच्या वेधशाळेचा पॉगसन मछलीपट्टणला होता, आणि गुंटूरला इंग्रजांचा मेजर टेनंट आणि फ्रान्सचा जान्सेन. सूर्य झाकलेला पाच मिनिटांहून जास्त टिकणार होता, हे फार दुर्मीळ. शिवाय हातात नवं हत्यार होतं, वर्णपटदर्शक. त्यात उजेड फोडला की रंगांच्या रेघा दिसतात आणि कुठला पदार्थ जळतोय ते रेघेवरून कळतं. आमटी उतू जाऊन शेगडीवर सांडली की निळी ज्योत भसकन पिवळी होते, ते मिठातलं सोडियम. त्या पिवळ्याच्या, नीट पाहिलं तर, अगदी शेजारी शेजारी दोन रेघा असतात.

झाकलेल्या सूर्याच्या कडेला ज्वाळा दिसतात, त्यांचा उजेड या सगळ्यांनी फोडून पाहिला. चकचकीत रेघा, म्हणजे त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या, हे ठरलं. त्यांत एक पिवळी रेघ होती. बहुतेकांनी ती सोडियमच्या खात्यात टाकली. पॉगसनला मात्र शंका आली की ही जरा बाजूला आहे. जान्सेनचं लक्ष दुसरीकडेच होतं. रेघा इतक्या तेजस्वी, तर त्या ग्रहण नसतानाही दिसायला हव्यात असं त्याच्या मनात आलं, आणि दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात त्याने त्या पाहिल्यासुद्धा. तो आठवडेच्या आठवडे गुंटूरमध्ये रोज ग्रहण नसलेलं ग्रहण बघत बसला.

आता आपला साहेब. नॉर्मन लॉकियर हा लंडनला युद्धखात्यात कारकून. तुझ्या आत्याचे यजमान मंत्रालयात फायली हलवतात तसा, फरक एवढाच की हा रात्री घरी दुर्बिणीला डोळा लावायचा. ग्रहणाशिवाय ज्वाळा दिसतील हे त्याच्याही डोक्यात होतं, पण पाहिजे ते उपकरण बनवून मिळायला फार उशीर झाला. सरकारी काम. शेवटी २० ऑक्टोबरला इंग्लंडात बसून त्याला त्या रेघा दिसल्या. जान्सेनचं पत्र आणि लॉकियरची बातमी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत पोहोचली. भांडण व्हायला हवं होतं. फ्रान्स सरकारने १८७२ मध्ये पदक काढलं आणि दोघांचेही चेहरे त्यावर कोरले.

पिवळी रेघ सोडियमची नाही, पृथ्वीवरच्या कुठल्याच ओळखीच्या पदार्थाची नाही, हे धरून बसला तो लॉकियर. सोडियमच्या दोघी ५८९ नॅनोमीटरच्या आसपास आणि ही ५८७.६ वर. एवढ्याशा अंतरावर त्याने एक नवं मूलद्रव्य उभं केलं आणि ग्रीकांच्या सूर्यदेवावरून, हेलिओसवरून, त्याला हेलियम म्हटलं. रसायनवाल्यांनी ते मानलं नाही. आणि का मानावं? बाटलीत दाखवा म्हटलं तर दाखवायला काय होतं? पुढची सत्तावीस वर्षं ते नाव असून पत्ता नसलेलं राहिलं. मग १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी युरेनियमच्या एका खनिजातून आर्गॉन मिळतो का ते बघत होता, तर नळीत तीच पिवळी रेघ उजळली. जे दगडात होतं ते आधी पंधरा कोटी किलोमीटरवर सापडलं होतं.

जान्सेनचं एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८७० मध्ये पॅरिसला जर्मनांचा वेढा पडलेला आणि अल्जीरियात डिसेंबरात ग्रहण. पठ्ठ्याने काय करावं? दुर्बिणीचे भाग घेऊन फुग्यात बसला, शत्रूच्या डोक्यावरून उडाला आणि ओरानला पोहोचला. तिथे ग्रहणाच्या वेळी ढग! बरं, ज्या फुग्यातून गेला त्यात दगडी कोळशाचा गॅस भरलेला. हेलियमच्या रेघा बघितलेला माणूस, आणि जवळ फुगाभर हेलियम जगात कुणाकडेच नव्हतं.

ते भरपूर सापडलं त्याची गोष्ट तुझ्या मेसवाल्यांना जरूर सांग. अमेरिकेत कॅन्ससमध्ये डेक्स्टर नावाचं गाव. १९०३ मध्ये तिथे विहीर खणताना जोरात गॅस फुसफुसला. गाव खूश, आता कारखाने येणार. सभा भरली, भाषणं झाली, आणि पेटवलेली गवताची पेंढी विहिरीच्या तोंडाशी नेली. ती विझली. परत पेटवली, परत विझली. गॅस जळतच नव्हता! तेव्हा गावाचं काय तोंड झालं असेल. विद्यापीठातल्या लोकांनी नमुना तपासला तर बराचसा नायट्रोजन, आणि पुढे १९०५ मध्ये कळलं की त्यात पावणेदोन टक्क्यांहून थोडं जास्त हेलियम आहे. जमिनीखाली युरेनियम आणि थोरियम हळूहळू क्षय पावत असतात, त्यातून ते जन्मतं आणि नैसर्गिक वायूबरोबर कोंडून राहतं. एकदा हवेत सुटलं की इतकं हलकं, की शेवटी पृथ्वी सोडून अंतराळात जातं. आपल्या फुग्यातलंही केव्हातरी जाईल. म्हणून म्हटलं, आईला कोण सांगणार.

माझी रोजची भाकरी यावरच आहे हे तुला माहीत आहे, पण आत काय चालतं ते मी कधी धड सांगितलं नाही. सकाळी साडेसातला परळला पोहोचलो की पेशंट आत घेण्याआधी मी रजिस्टरात हेलियमची पातळी टक्क्यांत लिहितो. एमआरआयच्या चुंबकात नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची गुंडाळी असते आणि ती द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली असते. आमच्यासारख्या जुन्या धाटणीच्या मशीनमध्ये दीड-दोन हजार लिटर, उणे २६९ अंशांवर. इतक्या थंडीत तार विजेला विरोधच करत नाही, त्यामुळे एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षं आपला आपण फिरत राहतो. मशीन बंद असतानाही खोलीत चक-चक, चक-चक असा आवाज येतो ना, तो थंडी टिकवणाऱ्या पंपाचा. तू लहानपणी त्याला ‘चुंबकाचं घड्याळ’ म्हणायचीस. काही बिघडून गुंडाळी तापली तर ते सगळं उकळतं, आणि एका लिटरचे सातशेच्या वर लिटर होऊन छतावरच्या जाड नळीतून बाहेर पडतात. माझ्या पाळीत ते कधी घडलेलं नाही. घडू नये. हेलियम पहिल्यांदा पातळ केलं ते हॉलंडातल्या कामरलिंग ओनस याने, १० जुलै १९०८ ला. तीन वर्षांनी त्याच थंडीत पाऱ्याचा विद्युतरोध एकदम नाहीसा झालेला त्याला दिसला. म्हणजे माझ्या नोकरीची सुरुवात तिथली.

तर ओटे कुठून आले? इथे आजोबांना न्याय द्यायला हवा. लॉकियर विजयदुर्गला आला होता! २२ जानेवारी १८९८ ला, दुसऱ्या एका खग्रास ग्रहणासाठी. तीस वर्षं उशिरा. तोवर तो एकसष्ट वर्षांचा आणि ‘सर’ झालेला, आणि हेलियम बाटलीत येऊन तीन वर्षं झाली होती. महिना पौष, आकाश धुतल्यासारखं, आंब्याला मोहोर. मेल्पोमीनी या युद्धनौकेवरचे खलाशी मदतीला होते आणि खग्रास जेमतेम दोन मिनिटांचं. दुर्बिणी हलू नयेत म्हणून पक्के ओटे लागतातच, तेव्हा आपले ते त्याच तयारीचे असणार असं मला वाटतं. आजोबांचं वाक्य पुन्हा वाच. सायबान हयसर बसान सूर्य बघल्यान. त्यात हेलियम कुठेच नाही. ते नंतर आम्ही शिकलेल्यांनी चिकटवलं.

त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूरकडे जेऊरला गेले होते. त्यांनी त्याचा अहवालही छापला, पण तिथे कोणी त्यांचे ओटे दाखवत असल्याचं मी ऐकलेलं नाही. मुंबईत तर तेव्हा प्लेग होता. मी रोज ज्या हाफकिनवरून जातो, त्या हाफकिनने वर्षभर आधी, १० जानेवारी १८९७ ला, भायखळ्याला स्वतः तयार केलेली लस स्वतःलाच टोचून घेतली होती. असे ते दिवस.

मी गावी तात्यांना फोन केला. दर १८ ऑगस्टला ते भाषण करतात, त्यांना कळायला हवं. सगळं सविस्तर सांगितलं. पलीकडे बराच वेळ नुसता रहाटाचा आवाज. मग म्हणाले, “मगे सायब इलोच नाय काय?”

“इलो. तीस वर्षांनी.”

“मगे झाला तर!”

त्यांचं भाषण बदलेल असं दिसत नाही. तू तुझं बदल. समोरच्या पोराला सांग की गुंटूर बरोबर, पण गुंटूरला ज्याचं नाव माहीत नव्हतं त्याचं नाव ठेवणारा आमच्याकडे येऊन गेला.

आणि हो, २ ऑगस्ट २०२७ ला सोमवारी दुपारनंतर ग्रहण आहे. इजिप्तकडे खग्रास, आपल्याला मुंबईत खंडग्रास. तिथी आषाढ अमावास्या, म्हणजे गटारी, तेव्हा तात्यांकडून काही अपेक्षा नाही. मी पाळी बदलून घेईन. तू आलीस तर ग्रहणाचे चष्मे घेऊन ये, आणि छत्रीही.

तुझा
बाबा