उनपदेवच्या विकासाआधी उनपदेवचे पाणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सातपुड्याच्या पायथ्याशी अडावदजवळ असलेल्या उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्याचा पर्यटनस्थळ म्हणून विकास व्हावा, अशी मागणी आपल्या भागात वर्षानुवर्षे ऐकू येते आणि ती रास्तच आहे. मात्र विकास म्हटला की भक्तनिवास, वाहनतळ आणि प्रवेशद्वाराची कमान एवढ्यापाशीच चर्चा थांबते. ज्या पाण्यासाठी लोक तिथे येतात, ते पाणी कसे वापरायचे आणि कसे टिकवायचे, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. लेक आणि जावई जपानमध्ये असल्याने तिथल्या क्युशू बेटावरील कुरोकावा या डोंगरातल्या गावी, गरम झऱ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या एका पारंपरिक निवासगृहात राहण्याचा योग आम्हा उभयतांना आला. अशा निवासगृहांना तिथे र्‍योकान म्हणतात. तिथे जे पाहिले, त्यातले आपल्या कामाचे तेवढे वाचकांपुढे ठेवावे, एवढ्यासाठी हे पत्र.

र्‍योकानमध्ये शिरताना पादत्राणे दारातच सुटतात. आत जाड विणीच्या चटयांची जमीन, बुटके मेज आणि त्याभोवती बैठका एवढेच सामान असते, खाट नसते. संध्याकाळी आपण जेवत असताना सेविका येऊन जमिनीवर गाद्या घालून जाते. भाडे खोलीचे नसून माणशी असते आणि त्यात बहुधा रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. जेवण लहान लहान भांड्यांतून, त्या भागात आणि त्या ऋतूत जे पिकते त्याचेच वाढतात. आम्ही शाकाहारी असल्याचे मुलीने आधीच कळवले होते, आणि ते कळवणे आवश्यकच असते, कारण तिथल्या साध्या भाजीच्या रश्शातही सुक्या माशाचा अर्क असतो. ही सारी व्यवस्था नीटनेटकी आणि मन प्रसन्न करणारी आहे, यात शंका नाही. पण मला खरे महत्त्वाचे वाटले ते स्नानगृह.

पुरुषांचे आणि स्त्रियांचे स्नानगृह वेगळे असते. आत गेल्यावर गरम पाण्याचे कुंड समोर दिसत असले तरी थेट त्यात कोणी उतरत नाही. भिंतीलगत नळांची रांग असते, प्रत्येक नळापाशी बसायला लाकडी चौरंग आणि एक लहान घमेले असते. तिथे बसून साबणाने सर्वांग स्वच्छ घासायचे, साबणाचा अंशही राहणार नाही असे पाणी अंगावर घ्यायचे आणि मगच कुंडात उतरायचे, असा नियम आहे. कुंडात साबण नाही, अंग चोळणे नाही, पंचा बुडवणे नाही; पंचाची घडी लोक डोक्यावर ठेवतात. माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ अंघोळ करीत होते. त्यांनी उठताना आपला चौरंग धुतला, घमेले विसळून त्यावर पालथे घातले, आजूबाजूचा फेस पाण्याने सारून दिला आणि मग ते कुंडाकडे वळले. तिथे ना कोणी रखवालदार उभा होता, ना दंडाची पाटी होती. पुढे येणाऱ्याला जागा स्वच्छ मिळावी ही जाणीव इतकी अंगवळणी पडलेली पाहून मला मनापासून आदर वाटला.

आता आपल्याकडचे चित्र पाहू. गरम पाण्याच्या अनेक कुंडांवर साबण लावून अंघोळ, मुलांच्या अंगाला शाम्पू आणि काठावरच कपडे धुणे हे सर्रास चालते. उनपदेवला पाणी गोमुखातून पडते. शरभंग ऋषींसाठी प्रभू रामचंद्रांनी बाण मारून ते काढले, अशी आपली श्रद्धा आहे. त्वचेचे विकार असलेले लोक आशेने या पाण्याकडे येतात. त्यांच्या श्रद्धेविषयी मला एक शब्दही वावगा बोलायचा नाही. परंतु ज्या कुंडात आजारी आणि निरोगी माणसे एकामागून एक अंग न धुता उतरतात, त्या कुंडातून एकाचा विकार दुसऱ्याला जडू शकतो, हे समजायला त्वचारोगतज्ज्ञाची गरज नाही. म्हणून कुंडाच्या अलीकडे, स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र आडोसे करून, नळांची आणि बसण्याच्या दगडांची सोय असलेली धुण्याची जागा बांधावी, तिचे सांडपाणी कुंडापासून दूर न्यावे आणि आधी अंग धुऊन मगच कुंडात उतरण्याचा नियम करावा, ही माझी पहिली सूचना आहे. तिथल्यासारखे विवस्त्र स्नान आपल्याकडे कोणाला रुचणार नाही आणि त्याची गरजही नाही. स्वच्छ धुतलेल्या वस्त्रानिशी उतरले तरी हेतू साधतो.

जपानी स्नानगृहाच्या कपडे बदलण्याच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता असतो. पाणी उगमापाशी किती तापमानाचे आहे, त्यात कोणती द्रव्ये किती प्रमाणात आहेत आणि कोणत्या आजारात या स्नानापासून दूर राहावे, हे सारे त्यावर लिहिलेले असते. ही मालकाची हौस नसून १९४८ च्या कायद्याचे बंधन आहे. उगमापाशी २५ अंश सेल्सिअस किंवा अधिक तापमान असलेले, अथवा ठरवून दिलेल्या १९ द्रव्यांपैकी एखादे पुरेशा प्रमाणात असलेले पाणीच या कायद्याने उष्णोदक ठरते, आणि त्याचे पृथक्करण दर १० वर्षांनी नव्याने करावे लागते. उनपदेव आणि सुनपदेव या दुसऱ्या गरम झऱ्याच्या पाण्याची अशी तपासणी एखाद्या शासकीय प्रयोगशाळेकडून करून तिचा निष्कर्ष मराठीत मोठ्या अक्षरांत लावला, तर तापाचे किंवा हृदयविकाराचे रुग्ण जोखीम न घेता विचारपूर्वक वागतील.

याच कायद्यातील आणखी एक तरतूद आपल्याला, विशेषतः चोपडा, यावल आणि रावेर या केळीच्या पट्ट्याला, फार जवळची आहे. गरम पाण्यासाठी विंधन करायचे तर तिथे प्रांताच्या गव्हर्नरांची परवानगी लागते आणि त्यामुळे आधीच्या झऱ्याच्या पाण्यावर किंवा तापमानावर परिणाम होणार असेल, तर ती नाकारता येते. जपानमध्ये जागृत ज्वालामुखींची उष्णता आहे. आपल्याकडे तसे नाही. सातपुडा आणि तापी यांच्या भ्रंशपट्ट्यात पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, तिथे तापते आणि वाट मिळेल तिथे वर येते. त्या वाटेवरच आपण बोअर मारत सुटलो तर झरा मंदावणार नाही, याची हमी कोण देणार? महाराष्ट्रात पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर कायद्याने बंधन आहे. तसेच संरक्षण या झऱ्यांना, भूजलतज्ज्ञांनी अंतर ठरवून, मिळावे. पाण्याची ओढ शेतकऱ्याला किती असते हे मी शेतकऱ्याच्या घरात वाढल्याने जाणतो. तरीही हे बंधन आवश्यक आहे असे माझे ठाम मत आहे.

पैशाचा प्रश्न निघेलच. जपानमध्ये उष्णोदकात स्नान करणाऱ्याकडून स्थानिक संस्था कर घेते, तो सर्वसाधारणपणे माणशी दिवसाला १५० येन असतो आणि तो स्वच्छता, झऱ्याचे संरक्षण, अग्निशमन अशा कामांसाठीच राखलेला असतो. कुरोकावाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. हे गाव आडबाजूचे, फारसे कोणी फिरकत नसे. तिथल्या निवासगृहांच्या मालकांनी एकत्र येऊन आपापले मोठमोठे फलक उतरवले, डोंगरातली झाडे आणून रस्त्याकडेला लावली आणि १९८६ मध्ये लाकडी चकतीचा एक परवाना सुरू केला, ज्यावर पाहुण्याला गावातील कोणत्याही तीन निवासगृहांच्या उघड्यावरील कुंडांत स्नान करता येते. दोन मालकांकडे असे कुंड बांधायला जागाच नव्हती. त्यांचे पाहुणे तुटू नयेत म्हणून बाकीच्यांनी आपली कुंडे खुली केली. आज तिथे सुमारे ३० निवासगृहे आहेत.

आपल्याकडे उनपदेवला गर्दीचा काळ पौषातला, म्हणजे नेमका भरिताच्या वांग्यांचा आणि कळण्याच्या भाकरीचा. अडावद आणि परिसरातील, विशेषतः पाड्यांवरील कुटुंबांनी चार-दोन स्वच्छ खोल्या आणि घरचे जेवण एवढे जरी दिले, तरी बाहेरच्या एखाद्या बड्या रिसॉर्टची वाट पाहावी लागणार नाही आणि पैसा गावातच राहील. मात्र त्याआधी पाणी. धुण्याची जागा, सांडपाण्याचा चर, पाण्याच्या तपासणीचा फलक आणि नियमांची पाटी ही चारही कामे फार मोठ्या निधीची नाहीत. ती येत्या पौषातील यात्रेपूर्वी संबंधित यंत्रणांनी हाती घ्यावीत, अशी आपल्या वृत्तपत्राद्वारे कळकळीची विनंती आहे. चर खोदण्यासाठी आणि यात्रेच्या दिवसांत कुंडापाशी उभे राहून लोकांना नियम समजावून सांगण्यासाठी चोपड्यातील आम्ही काही निवृत्त मंडळी विनामोबदला यायला तयार आहोत.

आपला नम्र,
एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)